वाटेचा दावा आणि न उचललेला भंडारा

माझ्यासमोर बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत हमखास विचारायचा, "मग निकाल कधी देणार, मॅडम?" मी सांगायचे, मी निकाल देत नाही. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तुम्ही करता काय?" हाच प्रश्न माझ्या सासूबाईंनीही शेवटपर्यंत विचारला. वकिली करत होते तोवर निदान काळा कोट तरी होता. मध्यस्थ झाल्यावर तोही गेला. ही बाई सकाळी नारायणगावातून डबा घेऊन निघते, जुन्नरच्या कोर्टात जाते आणि दिवसभर लोकांशी गप्पा मारून परत येते, असं घरात सगळ्यांचं मत झालं. ते फारसं चुकीचं नव्हतं.

तर आधी हे काम काय असतं ते सांगते. कोर्टात दावा वर्षानुवर्षं पडलेला असतो. हे दोघं नीट बोलले तर मिटेल असं न्यायाधीशांना वाटलं, की ते फाईल मध्यस्थाकडे पाठवतात. माझी खोली रेकॉर्ड रूमच्या शेजारी होती. तिथं मी हट्टानं गोल टेबल करून घेतलं, कारण चौकोनी टेबलाला बाजू असतात आणि माणसं आल्या आल्या त्या वाटून घेतात. त्या खोलीत साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही. एक नियम मात्र मी प्रत्येकाला दोनदा सांगायचे. इथं बोललेलं कोर्टात जात नाही. कुणी काही कबूल केलं, तरी ते पुढे त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. जमलं तर करार लिहायचा, सह्या घ्यायच्या, न्यायाधीशांपुढे ठेवायचा, मग त्याला हुकूमनाम्याचं वजन येतं. नाही जमलं तर फाईल परत आपल्या रांगेत.

कायद्याच्या पुस्तकात एवढंच आहे. बाकीचं मला लोकांनी शिकवलं. भिंतीवर तिथीचं कॅलेंडर लावायला शिकवलं ते आळेफाट्याकडच्या एका बागायतदारानं. सगळं ठरलं, करार छापून आला, पेन हातात घेतलं आणि गडी थांबला. "आज अमावस्या हाय, राव. उद्या करू सही." मी हसून "बरं" म्हटलं. उद्यापर्यंत समोरच्याला त्याच्या मेहुण्यानं काहीतरी सांगितलं आणि तो दावा पुढे चार वर्षं चालला. तेव्हापासून तारीख देताना मी आधी भिंतीकडे बघत असे.

दोन जावांचं एक वाटप होतं. घर, गोठा, जमीन सगळं एका दिवसात वाटून झालं आणि पाटा-वरवंट्यावर गाडी अडली. सासूचा पाटा दोघींनाही हवा. शेवटी थोरलीनं पाटा घ्यावा आणि धाकटीनं वरवंटा, असं दोघींनीच ठरवलं आणि आनंदानं सह्या केल्या. हे हुकूमनाम्यात तसंच्या तसं लिहिलेलं आहे. दोघींच्याही घरी मिक्सर होता, हे मी मुद्दाम विचारून घेतलं होतं.

मला या कामाची गोडी लागली ती अशा गोष्टींमुळेच. माणसं कशावर अडतात आणि कशावर सुटतात, याचं मला फार कुतूहल. त्यातही एक प्रश्न मला कायम छळायचा. कोर्टाच्या बाहेर दिलेला शब्द माणूस पाळतो तो कशामुळे? कागदाला तर इकडे कुणी भीत नाही. कागद फिरवण्यात आमच्याकडची माणसं तरबेज आहेत.

जुन्नर-आंबेगावच्या शेतकरी घरांत याचं एक जुनं उत्तर होतं, ते म्हणजे भंडारा उचलणं. खंडोबाची हळद हातात घ्यायची आणि जे खरं असेल ते बोलायचं. त्यानंतर प्रश्न विचारायचा नाही. आमच्या माहेरीही तळी भरतात, त्यामुळे मला यात नवल नव्हतं. म्हणून मी एक चलाखी केली. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये भंडाऱ्याची एक पुडी ठेवली. हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. पण घोडेगावकडचा एक म्हातारा, ज्यानं बांधाचा दगड सरकवल्याचं सहा वर्षं कोर्टात नाकारलं होतं, त्याच्या तळहातावर मी चिमूटभर हळद ठेवली आणि तो तिच्याकडे बघत हळूच म्हणाला, "हातभर सरकला असंल." त्या दिवशी दोन्ही पक्ष एकाच जीपनं घरी गेले. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की ही गोष्ट मी लग्नकार्यांतसुद्धा सांगायचे.

पुढची गोष्ट मी इतकी वर्षं कुठंच सांगितली नव्हती. दोन्ही पक्षांना विचारून लिहिते आहे. नावं बदलली आहेत आणि गाव राजुरी आणि आळ्याच्या मधलं कुठलंतरी समजा.

दावा वाटेचा होता. सदाशिव एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेला. त्याच्या वडिलांनी फार पूर्वी कुणा तिसऱ्याच माणसाकडून वीस गुंठे जमीन विकत घेतली होती. त्या जमिनीला डांबरी रस्त्यावरून जायचं तर बबनरावांच्या शेतातून दीडशे-दोनशे पावलं चालावं लागे. दुसरी वाट ओढ्याकाठून होती, पण ती पायवाट, आणि पावसाळ्यात पाण्याखाली. बबनरावांचा बाप आणि सदाशिवचा बाप होते तोवर ती शेतातली वाट चालू होती. मग बबनरावांच्या मुलानं, विकासनं, पाइपलाइनसाठी जेसीबी लावून तिथंच आडवी चारी मारली आणि ती बुजवली नाही. सदाशिवनं दावा लावला.

सदाशिवला स्वतःला त्या वीस गुंठ्यांचं फार काही नव्हतं. घाई होती ती त्याच्या मुलीला. प्रज्ञा शेतीचा डिप्लोमा करून नारायणगावला दुसऱ्याच्या रोपवाटिकेत पाच वर्षं राबली होती. आता तिला स्वतःची रोपवाटिका काढायची होती, टोमॅटोच्या रोपांची. ओळखीच्या शेतकऱ्यांनी तिच्याकडे रोपं नोंदवलीही होती. शेडनेटचे पाइप आले, पण टेम्पो आत जाईना, म्हणून ते डांबरी रस्त्याच्या कडेला पडून होते. बापलेकीनं थोडे खांद्यावर घेऊन ओढ्यातून आत नेले होते. पण उद्या रोपांचे ट्रे काही कुणी डोक्यावरून ओढ्यातून नेणार नव्हतं. लागवडीच्या हंगामाआधी वाट झाली नाही तर प्रज्ञा परत नोकरीवर जाणार आणि जमीन विकायची, असं घरात ठरलं होतं. घेणारा कोण, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. विकासला तो तुकडा हवाच होता.

पहिल्या बैठकीला चौघंही आले. बबनराव सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. विकास मोबाइल टेबलावर उलटा ठेवून बसला. सदाशिव इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन, आणि प्रज्ञा त्याच्या शेजारी फाईल मांडीवर घेऊन. मी माझे नेहमीचे नियम सांगितले आणि बबनरावांना विचारलं की वाट द्यायला नेमकी हरकत काय.

त्यांना वाटेची हरकत नव्हतीच, दाव्यातल्या एका ओळीची होती. वकील लोक वाटेच्या प्रत्येक दाव्यात ती ओळ लिहितात, मीसुद्धा शंभरदा लिहिली असेल. वादी व त्याचे पूर्वज सदर वाट तीस वर्षांहून अधिक काळ हक्काने, उघडपणे व विनाहरकत वापरत आले आहेत.

"हक्कानं म्हनं," बबनराव म्हणाले. "वकीलबाई, ह्याचा बाप दर पाडव्याला आमच्या दारात येऊन वाट मागायचा. माझा बाप हो म्हनायचा, मंग वरीसभर चालायची. मी ह्या डोळ्यांनी बगितलंय. आन् हे कागदावर लिवत्यात, कदी इचारलंच न्हाई. माझा मेलेला बाप खोटा पडतो ह्याच्यात."

वाटेच्या कायद्याची सगळी खोच इथंच आहे. एखादी वाट तुम्ही वर्षानुवर्षं हक्कानं वापरली, तर ती तुमची होते. तीच वाट समोरच्याला विचारून, त्याच्या परवानगीनं वापरली, तर शंभर वर्षांनीसुद्धा होत नाही. म्हणजे बबनराव म्हणत होते ते खरं असेल, तर सदाशिवचा दावा कोर्टात टिकणार नव्हता. विकासला हे त्याच्या वकिलानं नीट समजावलं होतं. बबनरावांना त्यात रस नव्हता. ते सदाशिवकडे वळले.

"सदा, भंडारा उचल आन् म्हन, माझ्या बापानं कदी वाट मागितली न्हाई. म्हनलास तर उद्याच्याला चारी बुजवतो. मला केस नको, काय नको."

विकास दचकला. मी मात्र मनातून हरखलेच. इतका लांबलेला दावा आणि इतकी सोपी अट. मी ड्रॉवर उघडला, पुडी काढली आणि गोल टेबलाच्या मधोमध ठेवली. वर म्हणालेही, "सदाशिवराव, पाच मिनिटांचं काम आहे. मिटवून टाका."

सदाशिवनं पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो रागावला नाही, निदान तसं दिसलं नाही. त्यानं खिशातला चष्मा काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला. "ताई, मी बौद्ध आहे," तो म्हणाला. "हे तुमच्या फाईलीत नसंल लिहिलेलं. पण तुम्हाला माहीत होतं." मग उठला आणि खोलीबाहेर गेला.

प्रज्ञा पाण्याची बाटली आणि फाईल गोळा करत मागे राहिली. दारातून वळून तिनं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही दोघांच्याही आहात ना?" आणि उत्तराची वाट न बघता गेली.

त्या दुपारी मी स्वतःची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. जो मानत नाही त्याला ती नुसती हळदच ना, मग हातात घ्यायला काय हरकत? पाच मिनिटांत मुलीचं आयुष्य मार्गी लागत होतं. डबा उघडला, पण जेवण गेलं नाही. मला माहीत होतं. आडनाव वाचल्यावर आपल्याकडे सगळ्यांना सगळं माहीत असतं, मलाही होतं. फक्त ते लक्षात घ्यायची गरज मला कधी पडली नव्हती. दोन्ही बाजूंना सारखं धरते म्हणून मिरवणाऱ्या बाईच्या ड्रॉवरमध्ये एकाच बाजूचा देव होता. मला स्वतःची लाज वाटली आणि ती लाज अजून पूर्ण गेलेली नाही. पुडी मी घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. तिची जागा तीच होती.

मध्यस्थानं जागेवर जाऊ नये असं काही नाही, दोघांची संमती लागते. मी दोन्ही वकिलांना फोन केले आणि वाट बघायला गेले. बबनरावांच्या बाजूनं चारीपर्यंत गेले. कमरेएवढी खोल, कडेला माती तशीच. मग ओढ्याकडून गेले. प्रज्ञा पुढे चालत होती. ओढा कोरडा होता तरी उतरणीवर माझे गुडघे बोलायला लागले. आतमध्ये शेडचे चारच खांब उभे होते आणि सदाशिव पाना घेऊन नट आवळत बसला होता. मी त्याची माफी मागितली. लांबण न लावता, चूक झाली एवढंच म्हणाले.

"झालं ते झालं," तो म्हणाला. पाना पुढच्या नटावर लावला. मग म्हणाला, "माझ्या बापानं छप्पन सालानंतर देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. म्हातारी रडत व्हती, तरी सोडले. त्यानं सोडलेलं मी वाटेसाठी हातात घेऊ का?"

मी नाही म्हटलं. मग न राहवून मला जे विचारायचं होतं ते विचारलं, कारण कुतूहल हा माझा गुण आहे तसा रोगही आहे. वडील खरंच पाडव्याला वाट मागायला जायचे का? प्रज्ञा पलीकडे पाइप मोजत होती, तिचं मोजणं थांबलं.

"हे तुम्ही नका विचारू," सदाशिव म्हणाला. "बबनरावानं विचारलं तर त्याला सांगीन. त्याच्यासमोर."

मी त्याला कायदा समजावून सांगितला. हक्क म्हणजे काय, परवानगी म्हणजे काय, कुठल्या उत्तरानं त्याचं किती नुकसान होईल. वकिलाची जात माझी, धोका सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पुढची तारीख कधी आहे तेवढं विचारलं.

दुसऱ्या बैठकीला यायच्या आधी बबनरावांनीही विचार केलेला दिसत होता. बसल्याबरोबर त्यांनीच सुरुवात केली. गेल्या वेळी आपलं चुकलं असं काही ते म्हणाले नाहीत, ती अपेक्षाही नव्हती. त्यांना खरंच एक कोडं पडलं होतं आणि ते त्यांनी सरळ विचारलं.

"सदा, तू भंडारा उचलत न्हाईस, ठीक हाय. तुमच्यात न्हाई. मंग तुमच्यात माणूस कशावर सांगतो?"

"कशावर नाय," सदाशिव म्हणाला. "खोटं बोलणार नाय असं रोज म्हणायचं असतं, तेवढंच. आणि एक सांगतो. ते खोटं ठरलं असतं म्हणून मी भंडारा उचलला नाय, असं समजू नका. खरं असतं तरी उचलला नसता. आता विचारा काय विचारायचं ते."

बबनराव पुढे सरकले. "तुजा बाप वाट मागायचा का न्हाई?"

"मागायचा. दर पाडव्याला."

विकास खुर्चीत ताठ झाला. "मॅडम, हे लिहून घ्या," तो म्हणाला. मी त्याला नियमाची आठवण करून दिली, इथलं कोर्टात जात नाही. "मग याचा उपयोग काय?" तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत सदाशिव म्हणाला, "कोर्टात बी हेच सांगीन. कधी बी बोलवा."

या माणसानं आपला दावा आपल्या हातानं बुडवला होता. प्रज्ञाकडे बघवेना. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आजोबा वाट मागायचे, हे तीही आत्ताच ऐकत होती. पण सदाशिवचं अजून संपलं नव्हतं. तो आता माझ्याकडे, विकासकडे, कुणाकडेच बघत नव्हता. तो फक्त बबनरावांशी बोलत होता.

"मी बरोबर असायचो. सात-आठ वर्षांचा. तुमचे वडील ओट्यावर, माझा बाप खाली अंगणात, उन्हात. ते हो म्हणेपर्यंत बसायचं नाय. कधी लगेच म्हणायचे, कधी पान खाऊन होईस्तोवर थांबवायचे."

"माझी आय गूळ-खोबरं द्यायची," बबनराव म्हणाले. "मला आठवतंय. तुला पन द्यायची. मला वाटायचं, सणाचं प्रेमानं येत्यात."

"द्यायची. वरून टाकायची. मी वंजळ धरायचो. एकदा गूळ खाली पडला आणि मी उचलून खाल्ला, तर बापानं घरी जाऊन मला मारलं. त्याला दुसऱ्या कुणाला मारता येत नव्हतं." सदाशिवनं खिशातल्या पेनला हात लावला. "वकिलानं 'हक्कानं' लिहिलं. मी वाचून सही केली. खोटं व्हतं, कळत व्हतं. पण मागायचा असं लिहिलं तर उद्या माझ्या पोरीला मागायला यावं लागंल. ती येणार नाय. मी येऊ देणार नाय. त्यापरीस जमीन गेली तरी चालंल."

मध्यस्थीच्या प्रशिक्षणात अशा वेळी मध्यस्थानं काय म्हणावं याची वाक्यं आहेत. मला त्यातलं एकही आठवलं नाही, आठवलं असतं तरी म्हटलं नसतं. बबनराव उठले, टोपी काढली, परत घातली आणि व्हरांड्यात गेले. विकास त्यांच्यामागे गेला. दारातून त्याचा आवाज येत होता, की दावा आता आपलाच आहे, ते स्वतःच बोलले, आता काही द्यायची गरज नाही. बबनरावांचा आवाज येत नव्हता. मला वाटलं, आटोपलं. अशा किती बैठका व्हरांड्यात मोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

दहा-पंधरा मिनिटांनी ते एकटेच आत आले. बसले. तंबाखूचा वास येत होता. सदाशिवकडे न बघता त्यांनी प्रज्ञाला विचारलं, "किती फूट पायजे?"

प्रज्ञाला कळायला क्षण लागला. मग ती म्हणाली, "दहा."

पुढे जे झालं ते अगदी आपल्या गावाकडचं. विकास आत आला आणि म्हणाला सात. प्रज्ञानं फाईलमधून कागद काढला. पिकअपची रुंदी किती, वळणावर मागचं चाक कुठं येतं, हे तिनं काढून आणलं होतं. विकास म्हणाला, पाइपलाइन तिथूनच जाते, वरून गाडी गेली तर फुटेल. सदाशिव म्हणाला, खाली सिमेंटचा पाइप टाकू आणि त्यातून तुमची लाइन नेऊ, मी स्वतः बसवून देतो. यावर दोघं पाइपाच्या व्यासावरून अर्धा तास बोलले, आणि त्या अर्ध्या तासात विकास पहिल्यांदा सदाशिवला "काका" म्हणाला, बहुधा नकळत. शेवटी नऊ फुटांवर जमलं. वाट कायमची, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करायची, चारी आठ दिवसांत बुजवायची.

बबनरावांनी का दिलं? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. पश्चात्ताप झाला, असं म्हणणं सोपं आहे आणि वाचायला बरं वाटतं. पण तोंडावर काही तसं दिसलं नाही, आणि सदाशिवची माफी त्यांनी ना त्या दिवशी मागितली ना नंतर. मला वाटतं, त्यांना खरं ऐकायचं होतं आणि समोरच्यानं ते स्वतःचं नुकसान करून सांगितलं. त्याबरोबर त्यांच्या लहानपणीचा पाडवाही बदलून गेला, त्यासाठी त्यांची तयारी नव्हती. यातलं किती कशामुळे, ते मी सांगू शकत नाही. माझ्या धंद्यात माणूस का वळला हे कळायलाच हवं असं नसतं, मला मात्र कळून घ्यायची खोड आहे.

करार मी स्वतः लिहिला आणि टाइप करून आणला. चार प्रती काढल्या. बबनरावांनी आपली प्रत घेतली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. विकास म्हणाला, दादा, मी वाचलंय, सही करा. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या परिच्छेदावर बोट थांबलं.

"हे काय लिवलंय?"

मी वाकून पाहिलं. वादी यांच्या विनंतीवरून प्रतिवादी यांनी आपल्या जमिनीतून वाट देण्याचे कबूल केले आहे. मी म्हटलं, करारात असं लिहायची पद्धत असते. खरंच असते, मी कित्येक करारांत तसंच लिहिलं होतं, विचार न करता.

"इनंती कुठं केली त्यानं?" बबनराव म्हणाले. "हितं न्हाई केली, घरी येऊन न्हाई केली. तुमी तर सगळं ऐकत व्हता. खोटं लिवू नका, वकीलबाई. काढा ते."

मी चारही प्रती परत घेतल्या आणि शेजारच्या खोलीत जाऊन ते वाक्य बदललं. परत आले तेव्हा सदाशिवनं चष्मा हातात धरला होता, पण घातला नव्हता. त्यानं प्रत प्रज्ञाकडे सरकवली आणि मोठ्यानं वाच म्हणाला. ती वाचू लागली. प्रतिवादी यांच्या जमिनीतून नऊ फूट रुंदीच्या वाटेने जाण्यायेण्याचा वादी व त्यांच्या वारसांना कायमचा हक्क आहे. सदाशिवनं हात वर करून तिला थांबवलं आणि तेवढंच वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. तिनं पुन्हा वाचलं. मग त्यानं चष्मा घातला, खिशातलं पेन काढलं आणि सही केली.